आधी डिस्क, मग टेप: डेटाबेसचा बॅकअप दोनदा का घेतात?

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री सरकारी डेटा सेंटरला आग लागली. यूपीएसच्या, म्हणजे वीज गेल्यावर काम चालू ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं. सरकारच्या सहाशेहून अधिक ऑनलाइन सेवा एका फटक्यात बंद पडल्या. पुढे हळूहळू बऱ्याच सेवा सुरू झाल्या, पण ‘जी-ड्राइव्ह’ काही परत आली नाही. सरकारी कर्मचारी कामाची कागदपत्रं ज्या सामायिक साठ्यात ठेवत, तो हा साठा. त्यातला ८५८ टेराबाइट डेटा जळाला आणि बाहेर त्याची प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे बाहेर बॅकअप ठेवता आला नाही, असं कारण पुढे आलं.

या कारणाचा हिशेब करून बघू. टेप म्हणजे डबीतल्या चुंबकीय पट्टीवर डेटा साठवायचं साधन. एलटीओ हा तिचा एक प्रकार, आणि त्याच्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९ च्या, एका टेपवर १८ टेराबाइट मावतात. म्हणजे ८५८ टेराबाइटला ४८ टेप लागतात. एक टेप साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि दोन सेंटिमीटरच्या किंचित वर जाड. अठ्ठेचाळीस टेप उभ्या लावल्या तर मीटरभर लांबीची एक फळी भरते. टेपवर लिहिणारं यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, एकच असेल तर पंचवीस दिवस जातील, चार असतील तर आठवड्याच्या आत काम होतं. ड्राइव्हचा आणि सॉफ्टवेअरचा खर्च असतो, रोज बदलणाऱ्या फाइलींचं वेगळं नियोजन लागतं, हे सगळं मान्य. पण ‘फार मोठा’ हे कारण मला पटत नाही.

जी-ड्राइव्हमध्ये सुट्या फाइली होत्या. आपली बँक, रुग्णालय, वीजबिल, सातबारा हे सगळं असतं डेटाबेसमध्ये. डेटाबेस म्हणजे नोंदींचा असा साठा, ज्यात एकाच वेळी शेकडो माणसं नोंदी करत आणि वाचत असतात. त्याची प्रत काढणं फाइल कॉपी करण्याइतकं सोपं नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

## चालू डेटाबेसची नुसती कॉपी का चालत नाही?

समजा, एका नागरी सहकारी बँकेच्या डेटाबेसची फाइल कोणी सकाळी दहा वाजता कॉपी करायला घेतली. फाइल मोठी आहे, कॉपीला अर्धा-पाऊण तास लागणार. एका ग्राहकाचं बचत खातं फाइलच्या सुरुवातीच्या भागात आहे, ते दहा वाजून पाच मिनिटांनी कॉपी झालं. सव्वादहाला त्याच ग्राहकाने बचत खात्यातून ५०,००० रुपये चालू खात्यात वळवले. चालू खातं फाइलच्या शेवटच्या भागात, ते साडेदहाला कॉपी झालं. आता त्या कॉपीत पन्नास हजार दोन्ही खात्यांत दिसतात. बचत खात्यातून ते अजून गेलेले नाहीत आणि चालू खात्यात मात्र आलेले आहेत. खऱ्या बँकेत असा क्षण कधी आलाच नव्हता. फाइल उघडेल, आकडे दिसतील, पण ताळा जमणार नाही.

यावरचा उपाय आपल्याकडच्या पेढ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. हिशेबाच्या दोन वह्या असतात, रोजकीर्द आणि खतावणी. कीर्दीत प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने उतरवायचा, खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी जळाली तरी मागच्या महिन्याची खतावणीची प्रत आणि तेव्हापासूनची कीर्द हाताशी असेल तर मुनीम बसून आजची खतावणी पुन्हा उभी करतो. डेटाबेसही नेमकं हेच करतो. प्रत्येक बदल आधी एका क्रमवार फाइलीत लिहिला जातो आणि मग मुख्य नोंदीत. या क्रमवार फाइलीला लॉग म्हणतात. ओरॅकल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरांत नावं आणि तपशील वेगळे आहेत, पण आधी लॉग आणि मग नोंद हा क्रम सगळीकडे आहे.

म्हणून डेटाबेसचा बॅकअप डेटाबेसच्याच साधनाने किंवा त्याला कळेल अशा सॉफ्टवेअरने घ्यावा लागतो. कॉपी चालू असताना जे बदल झाले त्यांचा लॉग हे साधन सोबत घेतं आणि परत उभं करताना तो लॉग लावून सगळी खाती एकाच क्षणावर आणतं. वरच्या उदाहरणातले पन्नास हजार मग एकाच खात्यात राहतात.

## पूर्ण, फरकाचा आणि लॉगचा

सगळ्या डेटाबेसची पूर्ण प्रत रोज काढणं अनेकदा परवडत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा पूर्ण बॅकअप, रोज रात्री त्यानंतर बदललेल्या भागाचा, म्हणजे फरकाचा बॅकअप आणि दर पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप अशी घडी बसवतात. कुठे हे अंतर पाच मिनिटांचं असतं, कुठे तासाचं. सर्व्हर दोन वाजून दहा मिनिटांनी कोसळला आणि शेवटचा लॉग दोन वाजता घेतलेला असेल तर दहा मिनिटांची कामं गेली. किती मिनिटांचं काम गमवायची तयारी आहे आणि किती वेळात परत उभं राहायचं आहे, हे दोन आकडे आधी ठरवायला हवेत. बॅकअपची बाकीची रचना त्यांवरून ठरते. हे आकडे संगणक विभागाने एकट्याने ठरवू नयेत, कारण पंधरा मिनिटांच्या नोंदी पुन्हा घालत बसायला लागणारे असतात काउंटरवरचे कर्मचारी.

लॉगचा आणखी एक मोठा फायदा आहे. अकरा बेचाळीसला कोणी चुकून सगळ्या कर्जखात्यांचा व्याजदर शून्य केला, तर पूर्ण बॅकअप उभा करून त्यावर अकरा एकेचाळीसपर्यंतचाच लॉग लावता येतो. अपघाताच्या आधीच्या मिनिटावर जाऊन थांबता येतं.

## मग थेट टेपवरच का नाही?

पूर्वी थेटच घेत. आजही एसक्यूएल सर्व्हरला थेट टेपवर बॅकअप घेता येतो, पण पुढच्या एखाद्या आवृत्तीत ही सोय काढून टाकू, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या दस्तऐवजात कधीचं लिहून ठेवलं आहे. कारण टेपच्या चालण्यात आहे.

एलटीओ-९ ची टेप हातात घेतली तर प्लास्टिकच्या डबीत एकच रीळ दिसतं. टेपच्या टोकाला एक छोटी धातूची पिन असते. ती पकडून ड्राइव्ह टेप आत ओढतो आणि स्वतःच्या रिळावर गुंडाळतो. अर्धा इंच रुंद, एक हजार पस्तीस मीटर लांब पट्टी, आणि तिच्या रुंदीत ८,९६० माग, म्हणजे लिहायच्या समांतर रेघा, आखलेले. ड्राइव्ह एका वेळी बत्तीस मागांवर लिहितो, म्हणजे पूर्ण टेप भरायला पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनशे ऐंशी वेळा धावते. सेकंदाला ४०० मेगाबाइट या वेगाने पूर्ण टेप भरायला साडेबारा तास लागतात.

पट्टी धावत असताना डेटा सलग यावा लागतो. ड्राइव्हला वेग थोडाफार कमी करता येतो, पण डेटा त्याहूनही हळू आला तर ड्राइव्ह थांबतो, पट्टी थोडी मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो आणि जिथे सोडलं तिथून लिहू लागतो. हे सारखं होत राहिलं की पट्टी ड्राइव्हच्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या डोक्याखाली पुढे-मागे घासत राहते. टेपवाले याला शू-शायनिंग म्हणतात. पट्टी झिजते, ड्राइव्हचं डोकं झिजतं आणि तासाभराचं काम रात्रभर चालतं.

चालू डेटाबेस मात्र ग्राहकांना उत्तर देता देता बॅकअप देत असतो, त्यामुळे डेटा कधी भराभर येतो, कधी अडखळतो. त्यात साध्या एक गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला फार तर एकशे दहा-पंधरा मेगाबाइट जातात. चारशेच्या ड्राइव्हला ते पुरत नाहीत. म्हणून मध्ये डिस्क लागते. डिस्कला अडखळत्या डेटाचं काही वाटत नाही. रात्री बॅकअप डिस्कवर उतरवायचा, डेटाबेसला मोकळं करायचं आणि मग दिवसा निवांतपणे डिस्कवरची तयार फाइल सलग टेपवर ओतायची. दोन टेराबाइटचा बॅकअप पूर्ण वेगाने दीड तासाच्या आत टेपवर जातो आणि त्या वेळात डेटाबेसला कोणी हातही लावत नाही.

शिवाय बॅकअपची गरज बहुतेक वेळा कालच्या किंवा परवाच्या डेटासाठी पडते. कोणी नोंदींचं एखादं टेबल, म्हणजे तक्ता, उडवलं, एखादं सॉफ्टवेअर अपडेट बिघडलं. अशा वेळी टेप शोधा, ड्राइव्हमध्ये घाला, पट्टी योग्य जागी यायची वाट बघा, यापेक्षा डिस्कवरून लगेच परत आणलेलं बरं.

## मग डिस्कवरच का थांबू नये?

इथे २०११ ची एक घटना आठवावी लागते. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी जीमेलच्या काही वापरकर्त्यांनी खातं उघडलं तर मेलबॉक्स रिकामा. गूगलकडे प्रत्येक मेलच्या अनेक प्रती होत्या, त्याही वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये. पण साठवणीच्या सॉफ्टवेअरचं जे नवं अपडेट टाकलं होतं त्यात दोष होता आणि त्या दोषाने काही खात्यांच्या सगळ्याच प्रतींचं नुकसान केलं. सगळ्या प्रती एकाच सॉफ्टवेअरच्या ताब्यात होत्या, त्यामुळे अंतर कामाला आलं नाही. फटका बसलेली खाती गूगलच्या सांगण्यानुसार सुमारे ०.०२ टक्के होती. मेल परत आले ते टेपवरून. टेप ऑफलाइन असल्यामुळे अशा दोषापासून वाचतात, असं कंपनीने तेव्हा स्वतः लिहिलं होतं.

टेपचं मोल यात आहे. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपला वीज नाही, नेटवर्क नाही, पासवर्ड नाही. कोणतीही आज्ञा तिच्यापर्यंत पोचत नाही, चुकीची नाही आणि चोरट्याचीही नाही. खंडणीखोर सॉफ्टवेअर, म्हणजे रॅन्समवेअर, चालवणारे आत शिरले की मुख्य सर्व्हरला हात लावण्याआधी बॅकअप शोधतात. तो पुसला की माणूस पैसे देतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नेटवर्कवर दिसणारी बॅकअपची डिस्क त्यांनाही दिसते.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद. नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत कामं कित्येक दिवस कागदावर चालली. रुग्णांचा डेटा परत मिळाला, कारण एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ बसली नव्हती, अशी माहिती सरकारने संसदेत दिली. बॅकअपचा एक सर्व्हर हल्ल्याच्या तडाख्यातून सुटणं ही त्या रुग्णांसाठी किती मोठी गोष्ट होती! तो सुटेल की नाही हे नशिबावर सोडू नये, एवढ्यासाठी टेप. १.३ टेराबाइटने एका टेपचा दहावा भागही भरत नाही.

टेपवरच्या बारीकसारीक सोयीही याच कामाच्या आहेत. डबीच्या कडेला एक सरकती कळ असते. ती कुलपाच्या खुणेकडे सरकवली की ड्राइव्ह त्या टेपवर लिहीत नाही, फक्त वाचतो. एकदाच लिहिता येणाऱ्या टेपही वेगळ्या मिळतात.

## पण आमचा दुसरा सर्व्हर आहे की!

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते. मोठ्या बँका आणि शेअर बाजार दुसऱ्या शहरात, वेगळ्या भूकंप-क्षेत्रात सर्व्हर ठेवतात आणि मुख्य डेटाबेसमधला प्रत्येक बदल काही क्षणांत तिकडे जातो. मुख्य केंद्र बंद पडलं तर कारभार चालू ठेवायला ही व्यवस्था हवीच. पण प्रत्येक बदल तिकडे जातो म्हणजे चुकीचा बदलही जातो. अकरा बेचाळीसला शून्य झालेला व्याजदर पुढच्या सेकंदाला दुसऱ्या शहरातही शून्य झालेला असतो. दुसरा सर्व्हर कालची स्थिती जपत नाही. आजची स्थिती दोन ठिकाणी ठेवतो, इतकंच.

## आणि क्लाउड?

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची खासगी क्लाउड व्यवस्था पुसली गेली. उभारणीच्या वेळी सेटिंगमध्ये राहून गेलेली चूक कारण ठरली. दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रती दोन्हीकडून गेल्या. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपलं खातं बघता आलं नाही. निधी सावरला त्यात दुसऱ्या एका सेवा कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता.

क्लाउड वापरू नये असं मी मुळीच म्हणत नाही. लहान संस्थेने लाखोंचा टेप ड्राइव्ह घेण्यापेक्षा क्लाउडवर, ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता येणार नाही अशी प्रत ठेवणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं आहे. वीस-पंचवीस गिगाबाइटचा डेटाबेस असलेल्या पतसंस्थेला तर दोन-तीन बाह्य डिस्क आलटून पालटून जोडल्या आणि काढून लॉकरमध्ये ठेवल्या तरी चालतं. मुख्य प्रत ज्याच्या हाती, बॅकअपच्या किल्ल्या त्याच्याच हाती नसाव्यात.

## टेप कुठे ठेवायची?

सर्व्हर आहे त्या इमारतीत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. तळमजल्यावरची सर्व्हर रूम आणि तिच्याच शेजारचं टेपचं कपाट अशा पावसात एकदमच बुडतात. दुसऱ्या भागातली शाखा, बँकेचा लॉकर किंवा टेप सांभाळणाऱ्या कंपनीचं गोदाम यांपैकी काहीही चालेल, पण नदीच्या पूररेषेत दोन्ही जागा नकोत.

हवेचीही काळजी घ्यावी लागते. टेप दीर्घकाळ ठेवायच्या तर तापमान १६ ते २५ अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के असावी, असं उत्पादक सांगतात. नीट ठेवलेली टेप तीस वर्षं टिकते असा त्यांचा दावा आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात बंद खोलीच्या साध्या कपाटात ही आर्द्रता मिळत नाही. तिथे वातानुकूलित जागा आणि आर्द्रता कमी करणारं यंत्र लागतंच.

तीस वर्षांच्या दाव्यात एक मेख आहे. टेप टिकली तरी ती वाचणारा ड्राइव्ह मिळायला हवा. नवव्या पिढीचा एलटीओ ड्राइव्ह आठव्या पिढीची टेप वाचतो, सातव्या पिढीची नाही. २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या पिढीच्या ड्राइव्हला तर नवव्या पिढीची टेपही चालत नाही. दहा वर्षं जपायच्या नोंदी असतील तर मध्ये एकदा त्या नव्या टेपवर उतरवण्याचा खर्च आधीच धरून ठेवा.

## टेप वाटेत हरवली तर?

हरवते. २००५ मध्ये अमेरिकेत सिटीग्रुपच्या ३९ लाख ग्राहकांची माहिती असलेल्या टेप कुरिअरच्या वाहतुकीत गहाळ झाल्या आणि त्यांवरचा डेटा सांकेतिक केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, नव्हता. एलटीओच्या चौथ्या पिढीपासून ड्राइव्ह स्वतःच डेटा सांकेतिक करून लिहू शकतो, वेग फारसा न घटवता. तेव्हा ही सोय न वापरण्याला आता सबब उरलेली नाही. फक्त त्याची किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, त्याच डेटाबेस सर्व्हरवर ठेवून चालणार नाही. सर्व्हर जळाला की किल्ली गेली आणि कपाटातली टेप कधीच उघडणार नाही. किल्लीची छापील प्रत मोहोरबंद पाकिटात, टेपपासून वेगळ्या जागी ठेवतात.

## परत उभं करून पाहिलंय का?

गिटलॅब ही प्रोग्रॅमरांसाठी सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक अभियंता मागे पडलेल्या दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचा डेटा पुसून नव्याने जुळवणी करायला बसला. आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटमधले साडेचारच उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजच्या बॅकअपची जागा रिकामी होती. बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज चालू होऊन रोज अपयशी ठरत होतं. अपयशाचा ईमेल निघत होता, पण तो नीट प्रमाणित नसल्यामुळे मेल सर्व्हर परत लावत होता. कंपनी वाचली ती त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका प्रतीमुळे. सेवा सुरू व्हायला अठरा तासांच्या आसपास लागले. मधल्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती गेली. गिटलॅबने हे सगळं स्वतः जाहीर केलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्याबद्दल मला त्या लोकांविषयी आदर वाटतो.

टेपच्या बाबतीत ही तपासणी आणखी गरजेची आहे, कारण कपाटातली टेप बिघडल्याचं कोणालाही दिसत नाही. बॅकअपची फाइल वाचता येते का, एवढंच तपासणाऱ्या आज्ञा असतात, पण फाइल वाचता आली म्हणजे आतला ताळा जमतोच असं नाही. खरी तपासणी अशी: बाहेरच्या जागेवरून टेप मागवायची, वेगळ्या रिकाम्या सर्व्हरवर डेटाबेस उभा करायचा, लॉग लावायचा आणि त्या दिवसाच्या ठेवींची व कर्जांची बेरीज छापील ताळेबंदाशी ताडून बघायची. टेप मागवल्यापासून बेरीज जुळेपर्यंत लागलेला वेळ लिहून ठेवायचा. हे काम टेप रोज बदलणाऱ्या माणसाने न करता दुसऱ्याने, फक्त लिहिलेल्या सूचना वाचून करावं. टेप बदलणारा रजेवर असतानाही जमतं का, हे त्यातून कळतं.

तुम्ही एखाद्या सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि तिथे सभासदाला प्रश्न विचारता येतो. ‘बॅकअप आहे का?’ असं विचारलं तर ‘हो’ हे उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, बाहेर ठेवलेल्या प्रतीवरून डेटाबेस शेवटचा कधी उभा करून पाहिला, किती तास लागले आणि ताळा जुळल्याची सही कोणाची आहे.